कुंदाताईंचा हिवाळा

कुंदाताई मेश्राम गाडी चालवताना रस्त्याकडे कमी आणि लोकांच्या धुराड्यांकडे जास्त बघतात. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकसारख्या गावात ही सवय धोक्याची आहे. इथे दर अर्ध्या मैलावर एक राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, आहे आणि चुकीचं एक्झिट घेतलं की माणूस थेट मोटरवेवर निघतो. मी पहिल्यांदा त्यांच्या व्हॅनमध्ये बसले, ती खरं तर फक्त टेस्को सुपरमार्केटपर्यंत लिफ्ट म्हणून. आम्ही एकाच राउंडअबाउटला तीन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीला मला वाटलं, बाई रस्ता विसरल्या. तिसऱ्या फेरीला त्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात सोडून इंडस्ट्रियल इस्टेटकडे बोट दाखवलं.

"पाह्य वर्षा, तिसरं शेड. काळा धूर. त्याची भट्टी गुदमरून राहिली."

"म्हणजे?"

"तेल भरपूर, हवा नाही. गळ्यापर्यंत जेवू घातलं अन् नाक दाबून धरलं, तसं चाललंय."

टेस्को राहिलं बाजूला. आम्ही त्या शेडपाशी जाऊन थांबलो. ते एक गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं. मालक टेरी, सव्वासहा फूट उंच, दंडावर ड्रॅगन गोंदवलेला. त्याच्यासमोर पाच फुटांच्या, कानटोपी घातलेल्या, साठी ओलांडलेल्या कुंदाताई उभ्या राहिल्या आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाल्या, "युअर स्मोक इज ब्लॅक, माय डिअर." टेरीला आधी वाटलं कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, बाई आली. पण दहा मिनिटांत ताईंनी भट्टीचं एक झाकण उघडलं, हवेची एक पट्टी केसभर सरकवली, आणि बाहेर येऊन त्याला धुराड्याकडे बघायला लावलं. काहीच दिसत नव्हतं. स्वच्छ करडं इंग्लिश आकाश.

"नो स्मोक," टेरी म्हणाला.

"नो स्मोक," कुंदाताई म्हणाल्या, आणि असा चेहरा केला की जणू ते आकाशही त्यांनीच पुसून दिलं आहे.

हे भट्टीचं प्रकरण थोडं सांगायला हवं. इथली गॅरेजं, वर्कशॉपं म्हणजे मोठमोठी पत्र्याची शेडं. ती गरम ठेवायची तर गॅस परवडत नाही. म्हणून अनेकांकडे कपाटाएवढी एक भट्टी असते, ती वापरून झालेलं जुनं तेल जाळते आणि शेडभर गरम हवा फेकते. आता कायदा कडक आहे. इंजिनातून काढलं आणि भट्टीत ओतलं, असं चालत नाही. जुनं तेल आधी कारखान्यात जातं, गाळून, स्वच्छ होऊन, कागदपत्रांसह परत येतं, तेच जाळायचं. कुंदाताई कागद बारकाईने वाचतात, आणि मग तरीही हातमोजा काढून दोन बोटांत तेल चोळतात, वास घेतात. "कागद खोटा असू शकते, वास नाही," असं त्यांचं म्हणणं.

ऑक्टोबर ते मार्च या भट्ट्या सांभाळायच्या, हे कुंदाताईंचं काम. राख काढायची, तेलाचा फवारा सोडणारं नोझल साफ करायचं, टाकीच्या तळाशी साठलेलं पाणी सोडून द्यायचं, ज्योतीवर नजर ठेवणारा काचेचा बारीक डोळा पुसायचा. हे त्या शिकल्या नागपूरला. आयटीआय करून तिथल्या वीज केंद्रात अप्रेंटिस लागल्या, तेव्हा त्या खात्यात त्या एकट्याच बाई होत्या. कोळशाचे ते अजस्र बॉयलर सुरुवातीला तेलाच्या ज्योतीने पेटवावे लागतात. ते तेलाचे बर्नर साफ करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. पुढे नवऱ्याच्या नोकरीमागे इंग्लंडला आल्या, मुलगी वाढवली, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर इथल्या परीक्षा देऊन परत त्याच ज्योतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

आमच्या रस्त्यावर माझ्या घरापासून तिसरं घर त्यांचं. मी पुण्याची, सॉफ्टवेअर टेस्टिंगवाली. माझा नवरा रोज नोकरीसाठी ब्रॅकनेलला जातो. माझं कॉन्ट्रॅक्ट ऑक्टोबरात संपलं होतं आणि मी घरी बसून रोज पाच ठिकाणी अर्ज करत होते. नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी बाहेर धप्प आवाज झाला. बघते तर कुंदाताई रिसायकलिंगच्या डब्याशेजारी बसलेल्या. पायरीवर बर्फाचा पातळ थर होता. उजवा हात त्यांनी मांडीवर असा धरला होता की जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे आणि सांभाळायला दिलाय.

"तीस वर्षं शिड्या चढले," त्या म्हणाल्या, "पडले कुठं, तर कचऱ्याच्या डब्यापाशी. कोणाला सांगू नको."

मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. हॉस्पिटलमधून मी त्यांना घरी आणलं. घरासमोर गाडी थांबवल्यावर म्हणाल्या, "तुला मॅन्युअल व्हॅन चालवता येते का गं?"

अशी मी कामाला लागले.

पहिले दोन दिवस मला वाटत होतं, आपण फक्त ड्रायव्हर. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात पाना दिला. मी आयुष्यात आयकियाच्या टेबलापलीकडे काही जोडलेलं नव्हतं. भट्टीचं दार उघडल्यावर मी दोन पावलं मागे सरकले.

"काहून घाबरून राहिली? ज्योत आहे, साप नाही. अन् आता तर तीही विझलेली आहे."

"पण ताई, काही चुकलं तर?"

"चुकणारच. माझा डावा हात अन् तुझे दोन हात मिळून एक माणूस तरी होईल."

त्यांच्याकडे प्रत्येक भट्टीला नाव आहे. टेरीच्या गॅरेजातली 'जावई', कारण तिला सगळं वेळच्या वेळी आणि गरम लागतं, नाहीतर रुसते. शेतावरच्या ट्रॅक्टर वर्कशॉपमधली 'थोरल्या जाऊबाई': काम चोख, पण दिवसभर गुरगुर. आणि मिस्टर पॅजेट नावाच्या म्हाताऱ्याच्या नर्सरीत काचेच्या लांबलचक घराला ऊब देणारी ती 'लेकुरवाळी', कारण तिच्या जिवावर टेबलांमागून टेबलं भरून जिरॅनियम नावाच्या फुलझाडाची रोपटी थंडी काढत असत.

व्हॅनच्या डॅशबोर्डवर निळ्या कोटातला, चष्मा लावलेला एक छोटा फोटो आहे. कोणाचा ते मराठी वाचकाला सांगायला नको. व्हॅन सुरू करण्यापूर्वी 'जय भीम' म्हणायचं, मग सीटबेल्ट. एकदा धुक्यात अडकलो असताना ताई त्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "हे लंडनला शिकायला होते तेव्हा किती थंडी सोसली असेल. रात्र-रात्र वाचायचे म्हणतात. तेव्हा यांची खोली कोण तापवत होतं? आपण तर जन्मलोही नव्हतो." हे त्या इतक्या खंत वाटून बोलल्या की जणू त्यांच्याच हद्दीतलं एक काम राहून गेलं होतं.

हळूहळू त्यांची भाषा मला कळायला लागली. तेल, हवा आणि ज्योत यांच्यापलीकडे जगात चौथं काही आहे, हे त्या फारसं मानत नाहीत. एक दिवस मी नवऱ्याशी भांडून आले होते आणि व्हॅनमध्ये वीस मिनिटं त्याच्याविषयी बोलत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निदान केलं: "तू त्याला तेल जास्त देऊन राहिली, हवा कमी. जरा मोकळं सोड, धूर थांबेल." मी दोन दिवस त्याला काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने आपणहून भांडी घासली.

दुसरा मंत्र लाल बटणाचा. भट्टी काही बिघडल्यावर आपली आपण बंद पडते, आणि तिच्या अंगावर एक लाल बटण पेटतं. ते दाबलं की ती पुन्हा पेटायचा प्रयत्न करते. प्रत्येक प्रयत्नात थोडं तेल आत जातं. ज्योत धरली नाही तर ते तेल तसंच तळाशी साठतं, आणि मग एखाद्या वेळी सगळं एकदम पेट घेतं. म्हणून प्रत्येक भट्टीवर ताईंनी स्वतःच्या अक्षरात चिकटवलंय: ONCE ONLY. PHONE KUNDA. इंग्रज माणूस नियम पाळणारा म्हणून प्रसिद्ध आहे, पण लाल बटण दिसलं की त्याच्यातलं मूल जागं होतं.

डिसेंबरात टेरीकडे विम्याच्या कंपनीचा एक तरुण तपासनीस आला. चकचकीत बूट, हातात टॅबलेट. त्याने टेरीला विचारलं, इंजिनिअर कुठाय? टेरीने बोट दाखवलं. तरुणाने प्लास्टरमधल्या म्हातारीकडे पाहिलं, मग तिच्या मागे माझ्याकडे, मग आणखी मागे भिंतीकडे.

"यू आर लुकिंग ॲट हर," कुंदाताई म्हणाल्या. "नो, नॉट द वॉल. मी."

मग त्यांनी त्याला अर्धा तास उभं केलं. धुराड्यातली हवेची ओढ किती, तेल किती तापवायचं, राख शेवटची कधी काढली, सगळं तोंडपाठ. शेवटी त्यालाच विचारलं, तुझ्या टॅबलेटमध्ये नोझल बदलल्याचा रकाना का नाही? तो म्हणाला, ऑफिसला कळवतो. तो गेल्यावर टेरी हसत हसत बाकावर बसला. आणि मला उगाचच, काहीही केलेलं नसताना, छाती फुगल्यासारखं वाटलं. घरी येऊन मी आईला पुण्याला फोन करून सगळं सांगितलं. आई म्हणाली, "पण तुझ्या नोकरीचं काय?"

तोच प्रश्न कुंदाताईंची मुलगी प्रज्ञा त्यांना वेगळ्या प्रकारे विचारत असे. प्रज्ञा मिल्टन कीन्सला असते, मोठ्या कंपनीत आहे, घराला जमिनीखालून हीटिंग आहे. तिचं मराठी प्रेमळ आहे, फक्त शब्दांच्या लिंगांशी तिचं जमत नाही.

"आई, तुझी हात तुटला आहे. आता पुरे झाली. माझ्याकडे ये. खोली तयार केला आहे तुझ्यासाठी."

"मार्चपर्यंत थांब."

"दरवर्षी तू मार्च बोलतो!"

"दरवर्षी मार्च येतोच नं बाळा."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. उणे सात. प्लास्टर निघायला चार दिवस होते. शनिवारी सकाळी प्रज्ञा आईला घेऊन जायला आली होती, निदान खोली तरी बघून जा म्हणून. मी बॅग गाडीत ठेवायला मदत करत होते. ताईंनी पांढरी साडी नेसून वर जाड कोट घातला होता. तेवढ्यात फोन आला. मिस्टर पॅजेट. लेकुरवाळी पहाटे कधीतरी बंद पडली होती आणि आता काही केल्या पेटत नव्हती.

प्रज्ञाने आईकडे बघितलं. आईने व्हॅनकडे.

"एक तास," ताई म्हणाल्या.

"आई, तुझा एक तास म्हणजे पूर्ण दिवस असते."

पण ती आमच्याबरोबर व्हॅनमध्ये चढली. बहुधा लक्ष ठेवायला.

काचघरात शिरताच तोंडातून वाफ निघाली. एरवी तिथे गेलं की उबेने चष्मा धूसर होतो. दाराशेजारचा थर्मामीटर सात दाखवत होता. मिस्टर पॅजेट सत्तरीचे, बुटके, कोटाला दोरी बांधलेले. त्यांची बायको हयात असताना दोघं मिळून ही नर्सरी चालवत. इथल्या जिरॅनियमची कलमं त्यांच्या बायकोने वर्षानुवर्षं जपून वाढवलेली होती. ती दुसरीकडे कुठे मिळत नाहीत, हे मिस्टर पॅजेट दर भेटीत एकदा सांगत. त्या दिवशी त्यांनी ते सांगितलं नाही.

"बटण किती वेळा दाबलं?" कुंदाताईंनी इंग्रजीत विचारलं.

"एकदा. फार तर दोनदा."

"मिस्टर पॅजेट."

म्हाताऱ्याने बुटांकडे पाहिलं. "सात."

ताईंनी डोळे मिटले, उघडले. "वर्षा, दार उघड. पेटवायचं नाही. आधी तेल टिपायचं."

भट्टीच्या तळाशी काळ्या तेलाचं डबकं झालं होतं. मी गुडघ्यांवर बसले आणि चिंध्यांनी ते टिपायला लागले. थर्मामीटर सहा. प्रज्ञा हात कोटाच्या खिशात घालून उभी होती. मिस्टर पॅजेट टेबलांवरच्या रोपांवर जुनी वर्तमानपत्रं पसरायला लागले, पण एका टोकाला धरला की कागद दुसऱ्या टोकाला सुटत होता. प्रज्ञाने ते पाहिलं आणि दुसऱ्या टोकाने कागद धरला. तिचा कोट मोतिया रंगाचा होता. तो पुढे तसा राहिला नाही.

"आता फिल्टर," ताई म्हणाल्या.

टाकी बाहेर, काचेच्या भिंतीलगत होती; तिथे जाऊन मी फिल्टरची वाटी पिरगाळून काढली. तिच्यात तेल नव्हतं. पांढरा, घट्ट गोळा होता. बर्फ.

थंडीत टाकीच्या आत दव धरतं, त्याचं पाणी तळाशी बसतं. दर पंधरा दिवसांनी खालचा नळ उघडून ते सोडायचं, हा नियम. मी तो गोळा हातात धरून बसले. मागच्या भेटीला नळ उघडायचं काम माझं होतं. मी नळापाशी वाकले असतानाच एका कंपनीचा फोन आला होता, इंटरव्ह्यूची तारीख ठरवायला. मी बोलत बोलत बाहेर गेले, परत आले, वहीत इतर कामांपुढे खुणा केल्या आणि निघाले.

मिस्टर पॅजेट बाहेर येऊन माझ्या खांद्यावरून डोकावले. "हे काय झालं?"

मी तोंड उघडलं. पण त्याआधी कुंदाताई बोलल्या.

"पाणी. मागच्या वेळी मी काढायला विसरले. माय मिस्टेक, मिस्टर पॅजेट. आय ॲम सॉरी."

इतक्या वर्षांत त्यांनी कोणत्याही भट्टीसमोर हे वाक्य म्हटलेलं नव्हतं, हे म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, टोपी जरा मागे सरकवली आणि म्हणाला, "किटली लावतो."

चहाच्या किटलीतलं उकळतं पाणी, त्यात बुडवलेली फडकी. ती पाइपाला गुंडाळायची, गार झाली की बदलायची. ताईंचा डावा हात पाइपावर होता, डॉक्टर नाडी बघतात तसा. "अजून नाही. अजून नाही. जरा वर. हं, आता पाणी सुटलं आतून." टाकीचा खालचा नळ उघडल्यावर आधी काहीच आलं नाही, मग खरखर, मग गढूळ पाण्याची धार, आणि शेवटी काळं, दाट तेल. आत थर्मामीटर पाच. काचघराच्या त्या टोकाला प्रज्ञा आणि मिस्टर पॅजेट शेवटच्या टेबलावर कापड ओढत होते. ते तिला रोपांची नावं सांगत होते, बहुधा स्वतःला शांत ठेवायला.

मी फिल्टर बसवला. पाइपातली हवा काढली. आत येऊन ज्योतीचा तो काचेचा डोळा पुसला. चार.

"ताई, दाबू?"

"दाब. एकदाच."

मोटर घुमली. आत ठिणगीचा चटचट आवाज झाला. मग काही नाही. ताईंनी भट्टीच्या पत्र्याला कान लावला आणि प्लास्टरमधली बोटं वर केली: थांब. मग आत, खूप खोल, कोणीतरी जाड सतरंजी झटकावी तसा आवाज आला. छोट्या काचेतून पिवळा उजेड दिसला, थरथरला आणि स्थिर झाला.

कुंदाताई आधी बाहेर गेल्या. धुराड्याकडे बघून परत आल्या. "नो स्मोक," म्हणाल्या आणि एका उलट्या कुंडीवर बसल्या. पांढऱ्या साडीवर गुडघ्यापर्यंत तेल होतं.

मिस्टर पॅजेट भट्टीसमोर येऊन उभे राहिले. गरम हवा तोंडावर येऊ दिली. हात शेकत म्हणाले, "राइट." मग प्रज्ञाकडे वळून, जसं हवामानाविषयी बोलावं तसं, "तुझ्या आईसारखं हे काम करणारं माणूस या भागात दुसरं नाही. तुला माहीत असेलच."

प्रज्ञा म्हणाली, "नाही. मला माहीत नव्हतं."

परतताना मी व्हॅन चालवत होते, मध्ये प्रज्ञा, खिडकीशी ताई. दोन राउंडअबाउट गेल्यावर मला राहवलं नाही.

"ताई, पाणी काढायला मी विसरले होते."

"माहीत आहे. त्याच दिवशी वहीत पाहिलं होतं मी, खूण नव्हती. दुसऱ्या दिवशी सांगीन म्हटलं, मग मीच विसरले. म्हणजे अर्धी चूक माझीच."

"पण तुम्ही सगळी स्वतःवर घेतलीत."

त्यांनी बाहेर पाहिलं. "मी अप्रेंटिस होते तेव्हा पहिल्याच महिन्यात माझ्या हातून एक बर्नर चोक झाला. फोरमनने नोटीस बोर्डावर माझं नाव लिहिलं, खडूने, मोठ्या अक्षरात. बाकी पोरांचेही व्हायचे, त्यांची नावं कोणी लिहिली नाहीत. पुढं दोन वर्षं मी शेकडो बर्नर साफ केले असतील. पण लोकांनी तो बोर्डच वाचला. पुसल्यावरही वाचला." मग म्हणाल्या, "शिकणाऱ्याच्या नावावर चूक लिहायची नाही. भट्टीवर नाव माझं आहे, तर चूकही माझी."

प्रज्ञाने आईच्या कोटावरचा तेलाचा डाग बोटाने पुसायचा प्रयत्न केला, तो आणखी पसरला.

"आई, पुढच्या हिवाळ्यात पण तू करणार का हे?"

"तुझं काय म्हणणं?"

"माझी विचार… माझा विचार असा आहे की," ती अडखळली, "तू कर. मी खोली तशीच ठेवीन. पण तू कर."

ताई नागपुरी पद्धतीने फक्त "हो नं," म्हणाल्या. पण नंतर घरापर्यंत त्यांनी एकाही धुराड्याकडे पाहिलं नाही.

मार्चमध्ये आम्ही एकेक भट्टी उन्हाळ्यासाठी बंद केली. राख शेवटची काढली, धुराड्यांवर टोप्या चढवल्या. सगळं मीच करत होते. त्यांचं मनगट जुळलं होतं, तरी त्या शेजारी उभ्या राहून फक्त बघत. टेरीकडची भट्टी बंद झाल्यावर त्यांनी वहीत इंजिनिअरच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, एक तिरकी रेघ ओढली आणि पुढे माझं लिहिलं. मी तीन पदव्या घेतल्या आहेत. कुठल्याही कागदावर माझं नाव मला इतकं सुंदर दिसलं नव्हतं.

एप्रिलमध्ये मला नोकरी लागली, घराजवळच्याच बिझनेस पार्कात. त्याच सुमारास ऊन पडलं. इथे ऊन पडलं की गाव वेडं होतं. सोळा डिग्रीला लोक उघडे होऊन हिरवळीवर आडवे पडतात. मी व्हॅनची किल्ली परत द्यायला आणि पेढे द्यायला कुंदाताईंकडे गेले. खिडक्यांवर ऊन होतं, आत पडदे ओढलेले. त्या टेबलापाशी बसल्या होत्या, नोझल पुसत. ती नोझलं आम्ही मार्चमध्येच पुसून ठेवली होती.

"काय ताई, इतकं छान ऊन पडलंय आणि तुम्ही आत?"

"मला उन्हाळा नाही आवडत," त्या म्हणाल्या.

"नागपूरच्या माणसाने असं म्हणायचं?"

त्या हसल्या नाहीत. एक पेढा अर्धा करून तोंडात टाकला. मग सहज, नोझलकडे बघत म्हणाल्या, "मेश्राम गेले ते मे महिन्यात. आठवडाभर लोक येत होते. मग जून, जुलै, ऑगस्ट. फोन वाजायचा तो प्रज्ञाचा, रविवारी. औषध घेतलं का, जेवली का. ती बिचारी काळजीनं करते, मी बरं म्हणते. एकदा ऑगस्टमध्ये तर मी स्वतःच्याच फोनवरून स्वतःला लावून पाहिला, बिघडला का म्हणून." त्यांनी नोझल फडक्यात गुंडाळलं. "ऑक्टोबरात पहिली थंडी पडली अन् मिस्टर पॅजेटचा फोन आला, भट्टी बंद पडली म्हणून. मला इतकं बरं वाटलं. कोणाची तरी भट्टी बंद पडली, अन् मला बरं वाटलं. असं वाटू नये माणसाला, नाही?"

मी उरलेले पेढे डब्यात काढून ठेवले, किल्ली खिळ्याला अडकवली आणि घरी आले. नवी नोकरी सोमवारी सुरू होणार होती. मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या मागच्या बाकावर बसून मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"काय बिघडलं?" कुंदाताईंनी विचारलं.

"काही नाही बिघडलं."

"मग?"

"मग काही नाही ताई. सहजच केला."

त्यांचा आवाज जरा घाईचा झाला.

"थांब, धरून ठेव, ठेवू नको. चहा उतू जाऊन राहिला, तेवढा गॅस बंद करते."

चपलांचा आवाज लांब गेला, जवळ आला. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

"हं," त्या म्हणाल्या. "बसले. बोल आता."